मनातल्या मनात प्रार्थना

यंत्रमागांच्या खडखडाटात जन्म गेलेला आमच्या सोलापुरातला माणूस कुजबुजला तरी गल्लीला ऐकू जातं. माझा ख्रिस्ती शेजारी तर प्रार्थनाही ओरडूनच करी, आणि तीही त्याच्या मते मनातल्या मनात.

माझं भजन ऐकून तो चारचौघांत म्हणाला होता, "शेरडू वरडतंय जणू!" तेव्हापासून आमचं बोलणं बंद, भिंतीवरून होणारा चहाही बंद. मला करमत नव्हतं, पण माझ्यातला गवई आडवा येत होता.

एका सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला, "देवबापा, माजी जीभ लई वंगाळ. गुरुजींचं गाणं वाईट हाय, पर माणूस चांगला हाय. त्यांच्याबिगर चा गोड लागंना. कायतरी कर की!"

"आमेन!" मी म्हणालो.

"ऐकलं व्हय?" तो दचकला.

"तुमचं मनातलं पार दुधनी गावापत्तुर जातंय," आतून त्याची बायको म्हणाली.

तो ओशाळला. मग भिंतीवरून कपबशी पुढे करत म्हणाला, "बघा गुरुजी, असल्या फुटक्या तोंडातनं बी देवानं चांगलंच काढलं की."

"मग माझ्या गळ्यातूनही काढेल?"

"काढंल की," तो पूर्ण श्रद्धेनं म्हणाला. "धीर आमी धरतो."