कोंडाबाईच्या न फुटलेल्या बांगड्या

घाटघरच्या बहिरूला पिक्चरवाल्यांनी मारला. छातीत गोळी, तोंडातून रक्त, डोकं आमच्या सोमाजीभाऊंच्या मांडीवर, आणि वर मरता मरता लांबलचक भाषण. खरा बहिरू एका दमात एवढं कधी बोललेला नाही. आणि मेलेला तर मुळीच नाही.

सोमाजीभाऊ म्हणजे आमच्या हिरड्याच्या लढाईचे पुढारी. जंगल तुडवून हिरडा गोळा करायचा आम्ही आणि भाव ठरवायचा व्यापाऱ्यानं, यावर त्यांनी जन्मभर भांडण केलं. ते गेल्यावर त्यांच्या आयुष्यावर पिक्चर निघाला. चांगली गोष्ट. मी इतकी वर्षं त्यांच्या शेजारी उभं राहून घसा फोडला, पिक्चरमध्ये माझी सावलीही नाही. त्याबद्दल मी बोलणार नाही. बोललो तर थांबणार नाही.

पण मोर्चावर गोळीबार? राव, कसला गोळीबार! घोषणेच्या भरात कुणीतरी झाडावर दगड भिरकावला आणि आग्या मोहोळ उठलं. मोर्चा पळाला, त्याच्या पुढे पोलीस पळाले. बहिरू आणि एक हवालदार एकाच घोंगडीखाली दडले आणि आत बसून दोघांनी तंबाखू मळली. खरा प्रकार हा. हा दाखवला असता तर लोकांनी पिक्चर दोनदा पाहिला असता.

मात्र हे लिहायला बसलो ते बहिरूसाठी नाही, त्याच्या बायकोसाठी.

कोंडाबाई बुटकी, काटक. एकदा जंगलखात्याच्या कचेरीत तिला दुपारपर्यंत उभं ठेवलं, तेव्हा ती सरळ साहेबाच्या खुर्चीत जाऊन बसली. "माणूस उभं आन् खुर्ची रिकामी, ही कुठली रीत?" साहेब आले ते दारातच थांबले. आमच्या डोंगरपट्टीत कुणाचंही लग्न निघू दे, हळद दळायला जात्यावर पहिली सवाष्ण कोंडाबाईच. ओव्या ती जागच्या जागी जुळवते, आणि त्यात नवऱ्या मुलाच्या आत्याची अशी साल काढते की आत्याच पदर तोंडाला लावून हसते.

पिक्चर तिनं नातीच्या, प्रतिभाच्या, मोबाइलवर पाहिला. आधी खूश होती. "माझ्या जागी बाई लई देखणी घेतली गं." मग बहिरू पडला, आणि ती देखणी बाई कड्यावरच्या दगडावर हात आपटून बांगड्या फोडू लागली. कोंडाबाईनं मोबाइल पालथा घातला.

तरी ती हे गिळून बसली असती. पण डिंभ्याला नणंदेच्या, सारजाबाईच्या, मुलाची हळद होती. कोंडाबाई सवयीनं जात्यापाशी बसली, तर सारजाबाईनं खुंट्यावर हात ठेवला.

"वहिनी, तुमी नगा बसू."

"का वो वन्सं?"

"पिक्चरमधी तुमच्या बांगड्या फुटल्या."

"माझ्या? ती नटी व्हती. तुमचा भाऊ त्यो बघा, दुसऱ्यांदा भात घेतोय."

"घेऊ द्या. पण आमी डोळ्यानं बघितलंय. एकच भाऊ हाय मला."

आता भावाच्या जिवापायी बोलणाऱ्या बहिणीशी भांडणार कसं? कोंडाबाई उठली, जेवलीही नाही.

दुसऱ्या दिवशी ती जुन्नरला माझ्या दारात. मी ऐकलं आणि पेटलोच. "मुळात ही प्रथाच सडकी! विधवेनं जातं ओढलं तर हळद काय काळी पडते?"

"तुझं भाषण ऱ्हाऊ दे, भाऊ. म्या विधवा नाय. आदी त्याचं बघ. प्रतिभाचं लगीन आलंय. माझ्याच दारात मला उठवलं तर तोंड कुठं लपवू?"

योगायोगानं त्याच आठवड्यात जुन्नरला पिक्चरवाल्यांचा सत्कार होता. दिग्दर्शक अमृत नावाचा, बोलायला गोड. त्यानं माइकवरून 'वीरपत्नी कोंडाबाई' असं पुकारलं. कोंडाबाई स्टेजवर गेली, आणि मागोमाग बहिरूही गेला. सभागृह हसून लोळलं.

"ह्ये कोण वळखता का?" कोंडाबाईनं विचारलं.

अमृत घाम पुसत म्हणाला, "आजी, कुणीतरी गेल्याशिवाय हिरो पेटून उठत नाही."

"मग माझाच मालक घावला? तुमच्या घरात कुणी नव्हतं?"

"पण आता पिक्चर बदलता येत नाही हो."

"नगा बदलू. जिनं बांगड्या फोडल्या तिला माझ्या दारात आणा. माझ्याशेजारी चुडा भरंल, माझ्यासंगं हळद दळंल. लोकांनी डोळ्यानं बघितलंय ना, मग डोळ्यानंच फिटंल."

मी चार पानी नोटीस तयार ठेवली होती. ती खिशातच राहिली.

प्रतिभाच्या हळदीला नटी खरंच आली. वैजयंती तिचं नाव. मांडवात बायकांची ही गर्दी, सारजाबाई सगळ्यात पुढे. कासारानं हिरव्या बांगड्या काढल्या, कोंडाबाईचे हात भरले, मग वैजयंतीचा हात मागितला. तिनं तो मागे घेतला.

"मावशी, माझा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. पिक्चरवाले म्हणाले, सांगायचं कशाला. पण तुमच्या दारात खोटं बसवत नाही मला."

माझं तोंड उघडलंच होतं, कोंडाबाईनं डोळे वटारले. मी ते मिटलं.

मग ती वैजयंतीकडे वळली. "तुझ्या बांगड्या कुणी उतरवल्या गं?"

"जावांनी. मला विचारलंसुद्धा नाही."

कोंडाबाईनं तिचा हात धरला आणि कासाराच्या पुढे केला. "भर रं."

"वहिनी!" सारजाबाई ओरडली. "माझ्या भावाच्या जिवावर उठलाय का?"

"वन्सं, तुमच्या भावाचं काय व्हायचं ते पिक्चरमधी झालं. एका माणसाला कितींदा मारायचं?"

कोपऱ्यातून बहिरू म्हणाला, "मला बी कुणी इचारा की."

"तुमी गप ऱ्हावा. तुमी मेलाय."

मग कुणाचा इलाज चालणार? बायका फस्सकन हसल्या आणि दोघी जात्याला बसल्या. वैजयंतीनं जातं उलटं ओढलं, कोंडाबाईनं तिच्या हातावर चापट मारून सरळ केलं, आणि पहिल्याच ओवीत दिग्दर्शकाला घेतला.

सारजाबाई जात्याजवळ आली नाही. ती जाऊन भावाशेजारी बसली. दिवसभर त्याला मांडवाबाहेर जाऊ दिलं नाही, पायरी उतरला तरी दंड धरायची. आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच डिंभ्याहून फोन.

"वहिनी, दादा बरा हाय ना?"

"बरा हाय. तुमीच इचारून इचारून माराल त्याला."

आता रोज सकाळी फोन येतो. कोंडाबाई रोज उचलते.