यादीत खाडाखोड करणाऱ्या लोखंडे मॅडम

प्रा. निर्मला लोखंडे यांना मी प्रथम पाहिलं ते परभणीच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये. मी चुकीचा पाना उचलला होता. त्यांनी योग्य पाना माझ्या हातात दिला.

मॅडमच्या साठीनिमित्त त्यांच्या शांत स्वभावावर लिहा, असं सत्कार समितीने मला कळवलं. ते मला जमणार नाही. मॅडम शांत राहिल्या असत्या, तर माझं शिक्षण दुसऱ्यांनीच ठरवलं असतं.

तिसऱ्या वर्षी रोबोटिक्समधला विशेष विषय निवडायचा होता. मला रोबोटचा हात, म्हणजे वस्तू धरणारी पकड, बनवायला शिकायचं होतं. राणीसावरगावचं आमचं घर दर हंगामात ऊसतोडीला जायचं. उसाची मोळी कुठे धरली की निसटते, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. विभागप्रमुखांनी मात्र कोणालाही न विचारता यादी लावली. मुली प्रोग्रामिंगला, मुलं यंत्ररचनेला. मुलींना वर्कशॉप झेपत नाही म्हणे! प्रोग्रामिंग कमी दर्जाचं नव्हे; पण ते माझ्यावर लादलं, याची चीड आजही येते.

आई मॅडमना जाऊन भेटली. “बाई, पोरगी दोन दिस झाले जेवायली न्हाई. तिला काय शिकायचंय ते तिला तरी इचारा.”

मॅडमनी आधी मलाच फैलावर घेतलं. नुसती आवड पुरत नाही, असं बजावून त्यांनी मला पंधरा दिवस दोन्हीकडचं काम करायला लावलं. तरीही माझं मन बदललं नाही, तेव्हा त्या मला घेऊन प्रमुखांकडे गेल्या. यादीतलं माझं नाव त्यांनी खोडलं आणि म्हणाल्या, “हिला जमलं नाही तर नापास करा. पण आधीच नाकारू नका.”

माझ्या पहिल्या दोन पकडी मोडल्या, तिसरीने ऊस धरला. आज पुण्यात मी हेच काम करते.

माझं नाव खोडल्याची शिक्षा मॅडमना मिळाली. पुढच्याच सत्रात, त्यांनीच उभी केलेली लॅब त्यांच्याकडून काढून घेतली. तेव्हा एकाही सहकाऱ्याने तोंड उघडलं नाही. आम्ही विद्यार्थीही गप्प बसलो. आता शाल देताना हे आपण सर्वांनी आठवावं.

गेल्या महिन्यात बोरीच्या एका मुलीला दुसऱ्या कॉलेजात, मुलींना वर्कशॉप झेपत नाही, हेच ऐकवलं गेलं. निवृत्त झालेल्या मॅडम एसटीने तिथे गेल्या आणि तिचा अर्ज घेईपर्यंत कार्यालयातून हलल्या नाहीत.

मॅडमना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आणि अशा कामासाठी पुन्हा एसटीत बसायची वेळ त्यांच्यावर आपण येऊ देऊ नये.