मेथीच्या वाफ्यातला हाडांचा चुरा

आजही ती केस आठवली की माझं डोकं फिरतं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. नोकरीत चोऱ्या पाहिल्या, मारामाऱ्या पाहिल्या, एकाने रागाच्या भरात बायकोच्या अंगावर गाडी घातलेली पाहिली. त्यातलं बरंचसं आता धूसर झालंय. पण एका शिकल्यासवरलेल्या माणसाने स्वतःच्या आईला पुढे करून स्वतः मागे कसं उभं राहावं, हे मात्र डोक्यातून जात नाही. नावं मी कुणाचीच लिहिणार नाही. त्याचं तर नाहीच.

मी मूळचा नागपूरचा. तेरा वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर न्यू जर्सीत आलो आणि पुढे इथल्याच एका टाउनशिपच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, पोलीस खात्यात लागलो. आयसेलिनच्या देशी दुकानांपासून आमचं स्टेशन गाडीने वीस मिनिटांवर. शेवटची काही वर्षं मी डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. खात्यात मराठी बोलणारा मी एकटाच. त्यामुळे साडी नेसलेली कुणीही बाई काउंटरवर येऊन रडायला लागली, मग ती तमिळ असो नाहीतर पंजाबी, हाक मलाच यायची.

जूनमधली सकाळ होती. एक निवृत्त शाळामास्तरीण तिच्या कुत्र्याची तक्रार घेऊन आली. कुत्रा धड चालत नव्हता, पाय फेंगडे पडत होते, कुणी टाळी वाजवली तरी दचकायचा. डॉक्टरांकडे नेला तर ते म्हणाले, याच्या पोटात गांजा गेलाय. काउंटरवरचा आमचा अधिकारी खदाखदा हसला. बाई भडकली. म्हणाली, माझ्या घरात सिगारेटसुद्धा नाही, हा शेजारच्या इंडियन म्हातारीच्या भाजीच्या वाफ्यात तोंड घालून आलाय. "इंडियन" म्हटल्यावर फाईल माझ्या टेबलावर आली.

मी बाईच्या अंगणात गेलो. दोन्ही घरांच्या मधे लाकडी कुंपण, खाली वीतभर फट. पलीकडे मेथीचा वाफा आणि कडेने झेंडू, अगदी निगुतीने लावलेले. कुत्र्याने फटीतून उकरून बरीच माती अलीकडे ओढली होती. त्या मातीत मुळांचे जाड बुडखे होते, काहींना वाळकी पानं चिकटलेली. मेथीला काय अंगठ्याएवढं खोड येतं? चिमूटभर माती उचलून मी हुंगली आणि एकदम नागपूरचं परसदार आठवलं. माझे आजोबा लिंबाच्या झाडाच्या बुडाशी बोकडाची हाडं पुरायचे. आमच्याकडे रविवारी मटण व्हायचं आणि सोमवारी हाडं लिंबाला जायची. तोच वास होता. कुत्रा गांजासाठी आलाच नव्हता, तो हाडासाठी आला होता. गांजाचे बुडखे बिचाऱ्याच्या पोटात फुकट गेले.

आता इथला कायदा सांगतो, नाहीतर वाचणारा म्हणेल, न्यू जर्सीत तर हे चालतं. दुकानातून विकत घेतलंत तर चालतं. घरात एक रोप लावलंत तरी गुन्हा. असं का, ते मला विचारू नका, मी कायदा केला नाही. बुडखे लॅबमध्ये पाठवले, रिपोर्ट आल्यावर शपथपत्र लिहिलं, जज्जसाहेबांची सही घेतली आणि एका गुरुवारी सकाळी दहा वाजता आम्ही चौघं झडतीचं वॉरंट घेऊन त्या घराच्या दारात उभे राहिलो.

दार उघडलं ते सत्तरीच्या एका बाईंनी. नऊवार नाही, साधा पंजाबी ड्रेस, हाताला कणीक लागलेली. माझ्या छातीवरच्या पट्टीवरचं आडनाव वाचून त्यांचा चेहरा खुलला.

"अगं बाई, मराठी का तुम्ही? या ना. चहा टाकते."

माझ्या मागे तीन माणसं बुलेटप्रूफ जाकिटं घालून उभी, आणि बाई चहा टाकतायत! मी वॉरंटचा कागद पुढे केला तेव्हा कुठे त्यांचा हात कणकेसकट छातीवर गेला.

तळघरात एक काळा तंबू होता. आत बारा झाडं, वर दिवे, वास बाहेर जाऊ नये म्हणून पंख्याला फिल्टर. आणि शेजारच्या फळीवर काचेच्या बरण्या ओळीने मांडलेल्या. हाडांचा चुरा, रक्ताची पूड, माशांची पूड, वाळलेलं समुद्री शेवाळ. सगळं कोरडं खत. प्रत्येक बरणीवर इंग्रजीत छापील लेबल, भिंतीवर संगणकावर काढलेला तक्ता, कोणत्या आठवड्यात किती. माझ्या घरात औषधांचं वेळापत्रकसुद्धा इतकं नीट नाही.

मुलगा वरून उतरला. चाळिशीचा, घरून काम करणारा, गळ्यात हेडफोन. बायको मॅनहॅटनला ऑफिसात, पाच वर्षांची मुलगी शाळेत. तो एक अक्षर बोलला नाही. त्याच्या मागून आई जिना उतरून आली आणि माझ्याकडे न बघता माझ्या गोऱ्या सहकाऱ्याला म्हणाली, "माय प्लांट. आय प्लांट." पाठ केलेलं होतं, ते कुणालाही कळलं असतं. मी मुलाकडे पाहिलं. तो हेडफोनच्या वायरीशी चाळा करत होता.

स्टेशनवर दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. कॅमेरा चालू, दुसरा डिटेक्टिव्ह शेजारी. मुलाला गप्प राहण्याचे, वकील मागण्याचे हक्क वाचून दाखवले, त्याने सही केली. जास्त शिकलेल्या माणसांचं मी हे नेहमी पाहिलंय, त्यांना वाटतं आपण बोलून सुटू.

"काका," त्याने सुरुवातच अशी केली, जणू गणपतीत भेटलोय. "प्लीज, जरा प्रॅक्टिकल व्हा ना. आईला गार्डनिंगचा नाद आहे, यू नो. तिला कळलं नाही हे इल्लीगल आहे. फर्स्ट ऑफेन्स, सत्तर वर्षांची बाई, कुठला जज तिला जेलमध्ये टाकणार?"

"आईचं ग्रीन कार्ड आहे की ती सिटिझन आहे?"

"ग्रीन कार्ड."

"ड्रगच्या केसमध्ये दोषी ठरली तर तिला देशाबाहेर काढतील. परत येता येणार नाही. माहीत आहे?"

 मला वाटलं, आता फुटेल. पण तो म्हणाला, "नाशिकला तिचा फ्लॅट आहे, काका. मावशी आहे तिथे. वर्स्ट केस, शी विल बी कम्फर्टेबल. माझं कन्व्हिक्शन झालं तर जॉब जाईल, सगळं कोलॅप्स होईल."

च्यायला! मी उठून बाहेर आलो आणि कॉफीच्या मशीनपाशी उभा राहिलो. कॉफी प्यायला नाही, त्या खोलीत राहिलो असतो तर तोंडातून काय निघालं असतं त्याची खात्री नव्हती म्हणून. हिशेब कसा सरळ घातला होता पाहा. जी बाई पाच वर्षं त्याच्या लेकीला भरवते, तिची वेणी घालते, तिला उचलून नाशिकला ठेवायचं. जुना सोफा काढून टाकावा तसं.

मग मी आईंच्या खोलीत गेलो. हक्क मराठीत समजावून सांगितले, एकदा नाही, दोनदा. वकील हवा का विचारलं. "कशाला? मी सांगतेय ना, मीच लावली," त्या म्हणाल्या. देशाबाहेर काढतील हेही सांगितलं. त्यांचे ओठ हलले. मग म्हणाल्या, "नातीला व्हिडिओवर बघेन."

 मी विषय बदलला.

"बरं मावशी, झाडं तर झकास आलीत. खत काय घालत होता?"

त्यांना हुशारी आली. माळ्याला खताचं विचारलं की तो बोलतोच. "शेणखताची पिशवी मिळते दुकानात. निंबोळी पेंड. तांदूळ धुतलेलं पाणी, आंबट ताक, चहाचा चोथा. केळ्याची सालं वाळवून चुरा करून घालते."

"आणखी?"

"आणखी काही नाही. विकतची पावडर मला आवडत नाही."

"आणि वाफ्यातली माती?"

"ती खालची. हा कुंडीतली माती दर वेळी टाकून द्यायचा, भरल्या पिशव्याच्या पिशव्या. मी म्हटलं, अरे, एवढी भुसभुशीत काळी माती, टाकायची कशाला? मी बादलीने वर आणून वाफ्यात घातली. मेथी काय तरारली, सांगते तुम्हाला."

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की "हा" असं म्हटलंय. पटकन सावरल्या, "म्हणजे मीच टाकायचे."

आपल्या माणसांना काही टाकवत नाही, दह्याचे डबे जपून ठेवतात, पिशवीत पिशव्या कोंबतात. या बाईने माती जपली आणि पुरावा स्वतःच्या हाताने अंगणात पसरला. कागदावर सगळं त्यांच्या अंगावर येत होतं. वाफा त्यांचा, हात त्यांचे, कबुलीही त्यांची. ती कबुली तशीच लिहून घेतली असती तर केस बंद झाली असती, आमचा कॅप्टन खूश झाला असता.

मघाशी झडतीत मी स्वयंपाकघर पाहिलं होतं. अंड्यासाठी वेगळी कढई, वेगळा चमचा, खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर. नातीसाठी अंडं करतात, पण घरातल्या भांड्यात नाही. देव्हाऱ्यात झेंडूची ताजी फुलं. हे मला ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनच मी पुढचं वाक्य बोललो.

"मावशी, त्या मातीत हाडांचा चुरा होता. आणि रक्त. गुरांचं रक्त, वाळवून दळलेलं. तळघरातल्या बरण्यांत तेच आहे."

त्यांना आधी कळलंच नाही. मग त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. नखांच्या कडा बागकामाने काळ्या पडल्या होत्या. दोन्ही हात त्यांनी टेबलावरून उचलले आणि अंगापासून लांब धरले.

"मी ती मेथी खाल्ली," त्या म्हणाल्या. मग, "फुलं देवाला वाहिली. अख्खा उन्हाळा. आणि यंदाही."  मी पाण्याचा ग्लास पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही, कारण तो हाताने धरावा लागला असता.

मग त्यांनी मला एकच विचारलं. "त्याला माहीत होतं का? मी बादल्या वर नेत होते, तो बघायचा. त्यात काय आहे, हे त्याला माहीत होतं का, तेवढं विचारून या."

मी मुलाच्या खोलीत गेलो. गुन्ह्याचं काही विचारलंच नाही. म्हटलं, "तुझी आई विचारतेय, कसलं घाणेरडं केमिकल घालत होतास मातीत?"

तो खुर्चीतून उठलाच. "केमिकल? नो वे! एक थेंब केमिकल नाही माझ्या झाडांच्या ग्रोमध्ये. सगळं ड्राय ऑरगॅनिक, काका. बोन मील, ब्लड मील, केल्प, मी स्वतः मिक्स करतो. दोन वर्षं लागली मला ते रेशो बसवायला!"

माझ्या शेजारच्या डिटेक्टिव्हने हळूच कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू आहे ना ते पाहिलं.

"आणि ती माती आई वाफ्यात घालते, ते तू पाहिलंस?"

 आपण काय बोलून बसलो ते त्याला कळलं होतं. पण उत्तर त्याने दिलं, ते मी शब्दशः लिहितो. "तिला सांगितलं असतं तर शी वुड हॅव फ्रीक्ड आउट. आणि माती काय, मातीच असते ना यार."

मी परत आईंकडे आलो. "माहीत होतं," एवढंच म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "लिहा मग. झाडं त्याची. मी गांजा ओळखला होता, गावाकडे पाहिलाय. तो म्हणाला, आई, इथे चालतं. पोलीस आलेच तर तू म्हण, झाडं माझी, म्हाताऱ्या माणसाला कुणी काही करत नाही. मी म्हटलं असतं, साहेब. देश सोडून गेले असते. पण त्याने मला हे खाऊ घातलं, देवाला वाहू दिलं."

जबाब लिहून झाला. त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला नाही. मुलाने कोर्टात कबूल केलं, त्याला तुरुंगाऐवजी देखरेखीखालचं प्रोबेशन मिळालं, नोकरी गेली. खात्यात माझी पाठ थोपटली. एका वाक्यात केस फोडली म्हणून तरुण डिटेक्टिव्ह ती टेप मागून बघायचे.

या केसने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. घरात पोलीस आले की बोलणाऱ्याकडे नाही, गप्प बसलेल्याकडे पाहावं, हे शिकवलं. माणूस गुन्हा लपवेल पण आपली हुशारी लपवणार नाही, हेही शिकवलं. पण खरं सांगू? मला राग फक्त त्याचा येत नाही. माझाही येतो. ती बाई तुरुंगाला भ्यायली नाही, देश सोडायला भ्यायली नाही. तिचं काय मोडलं की ती बोलेल, हे मला माहीत होतं, आणि मी नेमकं तेच मोडलं. तिच्या भल्यासाठी मोडलं, असं मी स्वतःला कितीतरी वेळा सांगून पाहिलंय.

निवृत्तीनंतर आयसेलिनच्या एका किराणा दुकानात त्या भेटल्या. ट्रॉलीत मेथीच्या जुड्या होत्या, प्लॅस्टिकमध्ये बांधलेल्या. त्यांनीच हाक मारली, "भाऊ." नात पहिलीत गेली होती. मुलगा? "जेवतो वेळेवर," म्हणाल्या. त्याच्यासाठीच मेथी घेत होत्या, यावर मला तिथे दुकानातच पुन्हा संताप आला.

"वाफा लावत नाही का आता?"

"गवत लावलंय तिथे." मग जुडी हातात फिरवत म्हणाल्या, "ही कशात वाढलीय, ते मला माहीत नाही. तेवढं बरं आहे." ट्रॉली ढकलता ढकलता थांबल्या. "तुम्ही मला वाचवलं, असं सून म्हणते. खरंच आहे ते. पण भाऊ, तुम्ही मला ते सांगितलं नसतंत, तर देवालाही कळलं नसतं."

 मी त्यांच्या पिशव्या गाडीपर्यंत नेऊन दिल्या.