चिखलगाडीचा घासलेला नंबर

नोकरीत पाहिलेले खून आणि दरोडे आता एकमेकांत मिसळून जातात, पण चिखलगाड्यांच्या शेडवर टाकलेला तो छापा अगदी काल टाकल्यासारखा आठवतो. नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती. मी सहायक पोलीस निरीक्षक होतो आणि अंबड तालुक्यातलं एक ठाणं माझ्याकडे होतं. नाव मी कोणाचंच सांगणार नाही. ते कुटुंब अजून तिथेच राहतं आणि माझ्या आठवणींपायी त्यांना त्रास व्हावा असं मला वाटत नाही.

वडीगोद्रीच्या अलीकडे, हायवेला लागून पत्र्याचं एक शेड होतं. तिथे हे कुटुंब जीपगाड्या बनवायचं. लिलावात निघालेल्या मिलिटरीच्या जुन्या जीप आणायच्या, पार सुट्या करायच्या आणि आपल्या काळ्या रानात चालतील अशा नव्याने उभ्या करायच्या. पावसाळ्यात मोसंबीच्या बागेत ट्रॅक्टरसुद्धा रुतून बसतो, हे ज्याने पाहिलंय त्याला या गाडीची किंमत कळेल. उंच स्प्रिंगा, रुंद टायर, चारही चाकांना जोर आणि मागे क्रेट ठेवायला हौदा. प्रत्येक गिऱ्हाइकाची गाडी वेगळी. कोणाची बाग उतारावर, कोणाला नाला ओलांडायचा, तर कोणाला म्हाताऱ्या आईला चढता येईल अशी पायरी हवी. लोक तिला चिखलगाडी म्हणत. आमच्या खात्याची जीप पावसात अडकली की ओढायला हीच गाडी यायची, आणि आमचे ड्रायव्हर तेव्हा दुसरीकडे बघत उभे राहायचे.

शेड उभं करणारा मिस्त्री वारला होता. मागे त्याची बायको आणि दोन मुलगे होते. मोठा चेसिस आणि बॉडीचा माणूस, धाकटा इंजिन आणि गिअरचा. एकावाचून दुसऱ्याची गाडी शेडबाहेर पडत नसे.

एके सकाळी ठाणे अंमलदार माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. "साहेब, बाईमाणसाचा फोन आल्ता. नाव न्हाई सांगितलं. म्हणली, जीपवाल्याच्या शेडात ताडपत्रीखाली एक गाडी हाय, चोरीची हाय, तिचा चेसिस नंबर घासलेला हाय. शेडाला सील लावा म्हणली. आन् आजच लावा, उद्या उपेग न्हाई."

"कोणाला पकडा म्हणाली?"

"त्याचं बिलकुल काही न्हाई बोलली."

मला हे जरा चमत्कारिक वाटलं. खबर देणारा बहुतेक वेळा कोणाचा तरी काटा काढायला निघालेला असतो. तो माणसाचं नाव आधी सांगतो आणि गुन्हा मागाहून. पण घासलेला नंबर ही काही सोडून देण्यासारखी गोष्ट नव्हती. स्टेशन डायरीला नोंद घेतली, दोन पंच बरोबर घेतले आणि निघालो.

शेडमध्ये शिरताच दिसलं ते हे की, जमिनीवर मधोमध चुन्याची रेघ मारलेली होती. रेघेच्या दोन्ही बाजूंना हत्यारांची एकेक पेटी आणि दोन्ही पेट्यांना कुलूप. मोठा भाऊ एका टोकाला उभा, धाकटा दुसऱ्या टोकाला. पोलीस दारात आले तरी त्यांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. मी दोघांना बाहेर थांबवलं आणि ताडपत्री काढायला लावली.

खाली अर्धवट बनलेली जीप होती. ती एका भल्यामोठ्या लोखंडी चौकटीवर बसवलेली होती. गर्डर जोडून ही चौकट मिस्त्रीने स्वतः बनवली होती. तिच्यावर ठेवूनच प्रत्येक चेसिस सरळ करायची. घरात तिला 'पाट' म्हणत. हवालदाराने बॅटरी मारली. खबर खरी होती. नंबर पार घासलेला होता, तोही हाताने. कानशीच्या आडव्यातिडव्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. बोट लावलं तर जागा तेलकट लागली. वास घेतला. ग्रीस नव्हतं, इंजिन ऑइलही नव्हतं. वास ओळखीचा होता, पण कुठला ते काही केल्या आठवेना. पंचनाम्यात 'तेलकट पदार्थ लावलेला' एवढं लिहून घेतलं, मुद्देमाल जप्त केला आणि शेडला कुलूप घालून वर लाखेचं सील लावलं.

मिस्त्रीची बायको मागच्या घराच्या दारात उभी राहून हे सगळं बघत होती. छाप्याच्या वेळी घरातल्या बायका रडतात, पाय धरतात, काही जणी आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. हिने मात्र एवढंच विचारलं, "कुलूप पक्कं हाय ना साहेब? कोणी काही न्हेणार तर न्हाई?"

"आता तुमचे मुलगेसुद्धा एक खिळा हलवू शकणार नाहीत," मी जरबेने म्हणालो.

तिने मान हलवली आणि आत गेली. बाई घाबरली आहे, असा मी त्याचा अर्थ घेतला.

ठाण्यात आणल्यावर दोघांना वेगवेगळं बसवलं. मोठ्याला माझ्यासमोर, धाकट्याला मागच्या खोलीत. भांडणाचं कारण दोघांकडूनही चटकन कळलं. त्यांनी बनवलेली एक गाडी मोसंबीच्या एका बागायतदाराला घेऊन नाल्यात उलटली होती आणि त्याचा हात मोडला होता. मोठा म्हणायचा गिअर अडकला, धाकटा म्हणायचा बॉडी नको तेवढी उंच केली. तेव्हापासून बोलणं बंद. मग वाटण्या निघाल्या. सगळं वाटून झालं आणि पाटावर घोडं अडलं. तो एकच होता आणि तो दुसऱ्याला मिळू द्यायला दोघेही तयार नव्हते. शेवटी पाट आणि त्यावरची अर्धवट जीप भंगारात घालायची असं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाल्याचा ट्रक येणार होता, आणि तिथून माल थेट जालन्याच्या भट्टीत जाणार होता.

भांडलेले दोन भाऊ हाताशी असले की तपास सोपा, असं मला वाटलं. एकावर दडपण आणायचं, तो दुसऱ्याचं नाव घेतो. मी मोठ्याला म्हणालो, "म्हणजे नंबर धाकट्यानेच घासला. त्याला आज आत टाकतो."

तो खाली बघत म्हणाला, "त्याला सोडा साहेब. त्याची बायको बाळंतपणाला आलेली हाय. नंबर म्या घासला."

"कशाने?"

"गिरांडरनं."

मी मागच्या खोलीत गेलो आणि धाकट्याला तेच सांगितलं, फक्त नाव मोठ्याचं घातलं. तो ताडकन उठला. "दादाचं काही न्हाई त्याच्यात. मी केलं. छिन्नी लावून उडवला."

मला संताप आला. एकही कबुली न मिळालेले गुन्हे मी ढिगाने पाहिले होते. इथे एका गुन्ह्याला दोन कबुल्या, आणि दोन्ही खोट्या! प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्याने रागाच्या भरात काहीतरी उद्योग करून ठेवलाय, आणि दोघेही एकमेकांना पाठीशी घालत होते. तरी मी ठाण्याच्या लेखनिकाला, म्हणजे रायटरला, दोघांचे जबाब शब्दशः लिहून घ्यायला सांगितले.

तेवढ्यात हवालदार लिलावाची कागदपत्रं घेऊन आला. इंजिनचा नंबर शाबूत होता आणि कागदांशी तंतोतंत जुळत होता. म्हणजे गाडी रीतसर घेतलेली होती. मग आपल्याच गाडीचा नंबर घासून ती चोरीची ठरवण्यात कोणाचं काय भलं होणार, हे मला उमगेना.

दिवस कलला तेव्हा त्यांची आई डबा घेऊन ठाण्यात आली. ताब्यातल्या माणसासाठी घरून आलेलं जेवण तपासल्याशिवाय द्यायचं नाही, हा नियम. एरवी हे काम हवालदार करतो. त्या दिवशी तो नेमका बाहेर होता म्हणून झाकण मी उघडलं. ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि ठेच्यावर करडईचं तेल. तो वास नाकात गेला आणि मी जागच्या जागी थांबलो. सकाळी बोटाला लागलेला वास हाच होता.

"मावशी, हात दाखवा."

तिने डावा हात पुढे केला. मी उजवा मागितला. तळव्याला लुगड्याची चिंधी बांधलेली होती आणि चिंधीखाली मोठा फोड होता.

"कानस कुठून आणली?"

ती खालच्या आवाजात म्हणाली, "मालकाची हाय. घरात ठिवली व्हती."

"आणि वर तेल कशाला लावलं?"

माझा प्रश्नच तिला वेडगळ वाटला असावा. "उघडं लोखंड तसंच कसं सोडायचं साहेब? गंज चढतो. मालकानं कधी सोडू दिलं न्हाई. ग्रीसचा डबा पोरायच्या पेटीत, पेटीला कुलूप. मंग घरातलं तेल लावलं."

मला हसावं की रडावं कळेना. जी गाडी ती चोरीची म्हणून आमच्या हवाली करत होती, तिला गंज चढू नये म्हणूनही तिचाच जीव तुटत होता. चोर असं कधी करत नाही. ते लोखंडावर संसार केलेल्या बाईलाच सुचतं.

"फोनही तुम्हीच केलात?"

"म्याच केला. उद्या ट्रक येऊन राह्यला साहेब. पाट भट्टीत गेला की संपलं. पोरं माझं ऐकत न्हाईत, म्हणलं पोलिसाचं तर ऐकतील. हायवेच्या त्या हाटेलाला तुम्ही लोकायनं सील लावल्तं, किती वर्षं झाली, अजून तिथली खुर्ची हलली न्हाई."

आमच्या खात्याच्या कारभाराचा इतका विश्वासाने उपयोग करून घेणारं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही. पण कायदा सांगणं भाग होतं. पोलिसांना खोटी खबर देणं हा गुन्हा आहे, शिक्षा होऊ शकते, असं मी तिला बजावलं.

"व्हऊ द्या," ती म्हणाली. "पर पोरायला सांगू नका. मायनंच आपल्या दारात पोलीस आणले म्हणतील. मंग माझ्याकडं बी बघायचे न्हाईत."

आता पेच माझ्यापुढे होता. आत दोन भाऊ एकमेकांना गुन्हेगार समजून बसले होते आणि बाहेर आई हात जोडून उभी होती. मी तिला व्हरांड्यात बसायला सांगितलं, दोघांना माझ्यासमोर उभं केलं आणि रायटरला दोन्ही जबाब मोठ्याने वाचायला सांगितले. एकाचा जबाब दुसऱ्याला असा कोणी ऐकवत नाही. रायटरने दोनदा माझ्याकडे पाहिलं आणि मग आपल्या सपाट, सरकारी आवाजात सुरुवात केली.

"मी समक्ष विचारल्यावरून जबाब लिहून देतो की, सदर गाडीचा नंबर मी स्वतः घासला असून माझा धाकटा भाऊ यास त्याची काहीएक माहिती नाही." त्याने पान उलटलं. "मी समक्ष विचारल्यावरून जबाब लिहून देतो की, सदर गाडीचा नंबर मी स्वतः उडवला असून माझा मोठा भाऊ याचा त्यात काहीएक संबंध नाही."

त्या दिवशी पहिल्यांदाच दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मंग घासला कोणी?" धाकट्याने विचारलं.

मी समोरचे कागद उगाच खालीवर करत राहिलो. उत्तर दारातून आलं.

"म्या घासला," त्यांची आई म्हणाली. "आन् फोन बी म्याच केला. साहेब, मला आत टाका, पर पाट जाऊ देऊ नका."

मोठा तिच्याकडे बघतच राहिला. आता हा भडकणार असं मला वाटलं. तो पुढे झाला, तिचा हात हातात घेतला आणि चिंधी सोडवून बघितली. "एवढा नंबर हातानं घासलीस गं माय?" तो म्हणाला. "मला म्हणायचं व्हतं, म्या घासून दिला असता." दिवसभर ताठ बसलेला धाकटा तिथेच खाली बसला आणि ओंजळीत तोंड घालून रडायला लागला. माझेही डोळे भरून आले. रायटर तर कार्बन पेपर शोधायच्या निमित्ताने केव्हाच बाहेर गेला होता.

थोड्या वेळाने धाकट्याने तोंड पुसलं. "साहेब, भंगारवाल्याला फोन लागंल का हितून?"

सरकारी फोन खासगी कामाला वापरायला बंदी होती. मी तो उचलून त्याच्यापुढे ठेवला.

पुढची कारवाई सरळ होती. आरटीओकडून खातरजमा झाली, गाडीवर नंबर रीतसर पुन्हा टाकून घेण्यात आला आणि पंचांसमक्ष सील काढलं. खोट्या खबरीबद्दल खटला भरायचा की नाही, ते ज्याला खबर दिली त्या अधिकाऱ्याच्या हातात असतं. मी उपअधीक्षक साहेबांना सगळं तोंडी सांगितलं. ते म्हणाले, "तिची फिर्याद घेणारं एखादं कलम असतं तर बरं झालं असतं." खटला मी भरला नाही. नाल्यात उलटलेली गाडी दोघा भावांनी परत आणली, तिची उंची उतरवली आणि गिअरही बदलला. दोघांचंही थोडं थोडं चुकलं होतं, हे मला मोठ्या भावानेच सांगितलं.

या प्रकरणाने माझी काम करायची रीत बदलली. तोवर खबर आली की ती कोणाला अडकवतेय हे मी आधी पाहायचो. त्यानंतर खबर देणारा काय मागतोय हे नीट ऐकायला लागलो. त्या बाईने पहिल्या फोनमध्येच सगळं सांगितलं होतं. तिला कोणाला अटक व्हायला नको होती, फक्त कुलूप हवं होतं. ठाण्याची पायरी चढणारी कितीतरी माणसं अशीच असतात. त्यांना न्याय वगैरे नको असतो. हातातून निसटत चाललेलं काहीतरी दोन दिवस कोणीतरी धरून ठेवावं, एवढंच त्यांचं म्हणणं असतं.

काही वर्षांनी बदलीवर असताना मी त्या रस्त्याने गेलो आणि मुद्दाम थांबलो. शेड होतं, पाट जागेवर होता, पण धाकटा दिसला नाही. वाटण्या झाल्या होत्या. धाकट्याने जालन्याला स्वतःचं वर्कशॉप टाकलं होतं. मला वाईट वाटलं आणि मी ते बोलूनही दाखवलं. "मावशी, एवढं सगळं करून शेवटी वेगळे झालेच की."

ती चहाचा कप माझ्या हातात देत म्हणाली, "झाले ना. चेसिस सरळ करायला दर म्हैन्याला हितंच येतो त्यो, जेवूनच जातो." मग म्हणाली, "तवा ते एकमेकाला वैरी समजून येगळे व्हऊन राह्यले व्हते, साहेब. आता भाऊ म्हणून झाले."