आईचं दुसरं रीडिंग

मी फिजिओथेरपीला आहे, कॉलेजात जाणारी घरातली पहिलीच. त्यामुळे हे लिहायला थोडी लाजच वाटतेय... असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही आहे, असं म्हणवत नाही. झालं तेवढं सांगते.

आमचं घर शनिशिंगणापूरला. गावच्या रीतीप्रमाणे चौकट आहे, दार नाही. पडदा, आणि कुत्री येऊ नयेत म्हणून खाली आडवी फळी. आण्णांची – माझ्या वडिलांची – पार्किंगजवळ चहाची गाडी होती.

माझा प्रोजेक्ट हृदयाच्या ठोक्यांवर आहे. दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं नसतं, कमीजास्त होत राहतं. निरोगी माणसात हा चढउतार जास्त, शुगरच्या पेशंटमध्ये बरेचदा कमी. तो मोजणारा पट्टा कितपत भरवशाचा, हे मला बघायचं होतं. म्हणून एकाच माणसाचं दोनदा रीडिंग – तीच वेळ, तीच खाट, तीच शांतता. दोन्ही जुळली तर पट्टा भरवशाचा. निरोगी गटात आण्णा होते, पेशंटच्या गटात आई.

पहिल्या वेळी आई छातीला पट्टा बांधून, डोळे मिटून पडली होती. मोबाईलवर चढउताराची रेघ जवळजवळ सपाट. तेवढ्यात आण्णा फळी ओलांडून आत आले.

"आगं, गूळ कुठं ठिवलाय?"

रेघ एकदम उसळली.

"आण्णा, रीडिंग चालूय!"

"व्हय का? मंग तुज्या आईला काळीज हाय म्हनायचं!" गूळ घेऊन जाताना हळूच म्हणाले, "बरं बाई, पुढल्या बारीला येईन तवा बोलनार न्हाई."

आईचे डोळे मिटलेलेच होते, पण ओठ हसत होते.

दुसऱ्या रीडिंगआधीच आण्णा गेले. चहा गाळता गाळता खाली बसले, ते उठलेच नाहीत. हार्ट अटॅक... निरोगी गटातले माझे आण्णा.

आईचं रीडिंग मी सोडूनच देणार होते. तेरावा झाल्यावर तीच म्हणाली, "त्यांनी तुला शिकाया घातलं. काम आडवू नगं. लाव पट्टा."

तीच दुपारची वेळ, तीच खाट. घरात आम्ही दोघीच. मी चौकटीकडे तोंड करून बसले होते. फळी जागेवर होती, पडदा हलला नाही. आणि पहिल्या वेळी उसळली होती त्याच ठिकाणी रेघ उसळली... मग परत सपाट.

पट्टा सोडताना आईच म्हणाली, "आले हुते नव्हं?"

"कोणी नव्हतं, आई."

"बोलले न्हाईत या बारीला. म्हनले हुते तसंच."

कॉलेजात मॅडमनी दोन्ही रेघा एकमेकींवर ठेवल्या. "अगं, जुनीच फाईल परत टाकलीस." तारखा बघितल्या, वेगळ्या होत्या. मग म्हणाल्या, "पट्टा सरकला असेल. तेवढा तुकडा दोन्हीतून काढून टाक."

सरकलाही असेल. किंवा आईला त्यांची आठवण आली असेल. पण डोळे मिटून, नेमकी त्याच क्षणी? मला नाही सांगता येत. सगळ्या प्रोजेक्टमध्ये सगळ्यात चांगलं जुळलेलं रीडिंग आईचंच आहे.

तो तुकडा मी अजून काढलेला नाही. सुट्टीला घरी गेले की आई खाट झटकून ठेवते आणि विचारते, "तिसरं कवा घ्यायचं?"

प्रोजेक्टला दोनच लागतात... हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.