गाडीचं नाक आणि दोघी जावा

हात बघावा तर आमच्या थोरल्या सुनेचा. तोंडाचं मग सांगते, आधी हात.

लग्न होऊन घरात आली तेव्हा बाकीच्या सुना काय बघतात? कपाट बघतात, स्वयंपाकघर बघतात. ही बाई जाऊन उभी राहिली ती सोफ्यासमोर. सोफा आणून वर्षं लोटली होती, पण त्यावरचं प्लास्टिक काढायला तिच्या सासऱ्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता. बसलं की चर्र वाजायचं, उकाड्यात पाय चिकटायचे. दुसरी कुणी असती तर पदराआड हसली असती. हिनं वाकून कोपरा बघितला आणि म्हणाली, "मामंजी, कोपऱ्यात चुण्या पडल्यात. उतरवून परत चढवू का?" आणि चढवलं की! असं चढवलं, की सोफा काल दुकानातून आलाय म्हणून शेजारीण चौकशी करून गेली. त्या दिवसापासून सासरे जे तिच्या बाजूचे झाले ते आजतागायत.

मग चौकातल्या मोबाईलच्या दुकानात ती फोनवर फिल्म लावायला बसायला लागली. काम दिसायला एवढंसं, पण भल्याभल्यांचा घाम काढतं. धुळीचा एक कण आत गेला की संपलं, बुडबुडा जन्मभर डोळा मारत राहतो. गिऱ्हाईक समोर जीव मुठीत धरून उभं, आणि ही निवांत. बोटं अशी चालायची, जणू झोपलेल्या पोराच्या अंगावर पांघरूण घालतेय.

तिथूनच ती गाड्यांकडे गेली. एका मोठ्या गॅरेजवाल्यानं तिचा हात बघितला आणि म्हणाला, या आमच्याकडे. नव्या गाडीच्या रंगावर आरपार दिसणारी जाड फिल्म चढवायची, गाडीची वरची कातडीच म्हण ना. खडा उडाला, कुणी किल्लीनं रेघ मारली, तर कातडीवर निभावतं, रंगाला धक्का नाही. घरी येऊन म्हणाली, "फोन तळहाताएवढा, गाडी खोलीएवढी. बुडबुडा दोन्हीकडं तोच." तिथं शिकली, नावाजली, आणि शेवटी स्वतःची जागा घेतली. जागा कुठली घ्यावी? पिठाचं जुनं गोदाम! धूळ जिची सात जन्मांची वैरीण, तिनं पिठाच्या घरात बिऱ्हाड मांडलं. सगळे म्हणाले, डोकं फिरलं. तिनं छत घासलं, भिंती घासल्या, फटी भरल्या, पांढरं पाणी नाल्यातून वाहत राहिलं. मग आत पाय टाकला तर कळेना, की गाडीचं दुकान आहे की ऑपरेशनचं.

पण एक अडचण होती. दार, आरसा, हँडल हे एकटीनं होतं. बोनेटला दोन माणसं लागतात. फिल्मचा मागचा कागद सोलला की ती अंगभर चिकट. दोन टोकांना दोघांनी धरून, साबणाचं पाणी मारत, हवेतल्या हवेत नेऊन अलगद टेकवायची. चिकट बाजू आपापसात चिकटली तर गेली कामातून. तिनं एक माणूस ठेवला, त्याच्या स्वेटरची लव उडायची. दुसरा ठेवला, तो ऐन वेळी शिंकायचा. शेवटी सासरे म्हणाले, "घरात एक बाई आयुष्यभर चादरी धरत आली आणि तुम्ही बाहेर काय शोधताय?"

ती म्हणजे आमची धाकटी सून. लग्नाआधी मोठ्या लाँड्रीत होती. हॉटेलच्या, दवाखान्याच्या चादरींच्या घड्या घालायची. समोरासमोर दोघी, एक झटका, चादर सरळ, घडी, पुढची. हाताला वारं लागलेलं. थोरली सावकाश, धाकटी चपळ. "जावा जावा आणि उभा दावा" म्हणतात ना, पण या दोघी गोदामात अशा काही रमल्या, की लोक बहिणी समजायचे. धाकटी हिला ताई म्हणायची आणि हिचा डबा स्वतःच्या हातानं भरायची.

आता तोंडाचं सांगते.

एक गिऱ्हाईक गाडी घेऊन परत आलं. बंपरचा कोपरा उचकटला होता, कानाच्या पाळीसारखा बाहेर लोंबत होता. थोरलीच्या कामाला कुणी बोट दाखवायची पहिलीच वेळ. नाकावर माशी बसू न देणारी बाई ती! फटकन बोलून गेली, "हा कोपरा माझा नव्हे. ही ओढते. लाँड्रीतली सवय, जात नाही."

गिऱ्हाइकासमोर. धाकटीनं कोपरा नीट करून दिला, हात धुतले, आणि त्या दिवसापासून अबोला.

घरात अबोला म्हणजे पोरांची दमछाक. "तुझ्या काकूला सांग, दूध उतू चाललंय." पोरगं पळत जाऊन सांगेपर्यंत दूध शेगडीवर. "तुझ्या आईला सांग, दिसतंय मला." नवरे दोघे भाऊ, पण हूं की चूं नाही, ताटात डोकं घालून जेवायचे. गोदामात तर निरोप न्यायला पोरंही नव्हती. तिथं दोघी बादलीशी बोलायच्या. "बाई गं बादली, पाणी गार झालंय." "बादले, ज्यांना गार वाटतं त्यांनी तापवावं." लहान कामं चालत होती, पण बोनेट आलं की थोरली काहीतरी सबब सांगून परत पाठवायची. आणि हळूहळू गाड्या कमी व्हायला लागल्या, कारण लोक आता शोरूममधूनच फिल्म लावून गाडी घरी न्यायला लागले होते.

अशात एके सकाळी शोरूमवाला स्वतः आला. मागं विजेची नवी कोरी गाडी, निळी, आवाज म्हणून नाही. सासरे तिथंच होते. त्यांनी पुढचं झाकण उघडायला लावलं, आत वाकून बघितलं. आत नुसती पिशव्या ठेवायची जागा. म्हणाले, "अहो, इंजिन चोरीला गेलं वाटतं. पोलिसात सांगितलंत का?" शोरूमवाला हसला नाही. कामाचा माणूस.

"ताई," तो थोरलीला म्हणाला, "पेट्रोलच्या गाडीला तोंडावर जाळी असते. फिल्मचे तुकडे जाळीच्या आजूबाजूला लपतात. हिला जाळीच नाही. हे नाक एका तुकड्यात झालं पाहिजे. जोड दिसता कामा नये. झालं, तर आमच्याकडच्या सगळ्या नव्या गाड्या तुमच्याकडं. नाही झालं, तर मी दुसऱ्यांना हो म्हणणार आहे. संध्याकाळी न्यायला येतो."

तो गेला. थोरलीनं गाडीसमोर जाऊन बघितलं. नाक कसलं, सोललेलं अंडं! या कानापासून त्या कानापर्यंत गुळगुळीत, वर फुगलेलं, खाली आत वळलेलं, दिव्यांपाशी खोल गेलेलं. रोलवर एवढ्या रुंद मापाचा एकच तुकडा उरला होता. तिला कळून चुकलं. हे झालं तर गोदाम राहील. नाही झालं तर ती परत चौकात फोन पुसत बसेल आणि धाकटी परत लाँड्रीत. आणि हे नाक एकटीनं होणारं नव्हतं.

ती बादलीला म्हणाली, "दुसरं टोक धरायला कुणीतरी लागेल."

धाकटी येऊन उभी राहिली. डोक्याला टोपी, बाह्या वर.

आधी गाडी धुतली, पुसली, रुतलेले कण उचलणारी मऊ माती अंगावरून फिरवली, परत धुतली. जमिनीवर पाणी मारलं, धूळ बसावी म्हणून. पंखा बंद. कागद सोलला, पाणी मारलं, दोघींनी फिल्म उचलली, नाकावर टेकवली. इथवर झकास. मग थोरलीनं तिच्या पद्धतीनं सुरू केलं. ओढायचं नाही, रबराच्या पट्टीनं मधून कडेला पाणी काढत जायचं. मधलं बसलं. वरचं बसलं. दिव्यापाशी पोचली आणि चुण्या उठल्या. एक दाबावी तर शेजारी दुसरी. उंदरासारख्या पुढं पळायच्या. गरम हवा मारली, परत पाणी मारलं, परत उचललं. चुण्या जैसे थे. आणि प्रत्येक वेळी उचललं की फिल्म जरा दमत होती.

तिच्या पाठीतून घाम उतरला. एवढ्या वर्षांत हातानं तिला पहिल्यांदा नाही म्हटलं होतं.

समोरून धाकटी बादलीला म्हणाली, "मला कुणी विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं."

थोरलीनं पट्टी खाली ठेवली. "सांग."

"बादलीला विचारताय का मला?"

"तुला."

धाकटीनं टोपी मागं सरकवली. थोरली म्हणाली, "त्या दिवशी परक्यासमोर बोलले. बोलायला नको होतं. माझं चुकलं."

"ते नंतर, ताई. फिल्म वाळतेय. भांडण काही वाळत नाही."

थोरलीला हसूही येईना आणि रडूही. धाकटी भराभर सांगायला लागली. "तुमचं चुकतं कुठं सांगू? तुम्ही तुमचं टोक घट्ट धरून ठेवता. मी ओढते, तुम्ही सोडत नाही. मग सगळा ताण येतो माझ्या कोपऱ्यावर. तो बंपरचा कोपरा असाच उचकटला. लाँड्रीत चादर एकटी कुणी ओढत नाही. समोरचीनं धरून ठेवलं तर फाटते. दोघींनी ओढायचं, सगळी चादर ताणायची, आणि मग दोघींनी एकदम हात सैल करायचा. मग ती स्वतःच आपल्या जागी जाते."

थोरली ऐकत राहिली. तिला तो कोपरा आठवला, आणि स्वतःच्या मुठी आठवल्या. खरंच होतं. तिनं आयुष्यात काही सैल सोडलंच नव्हतं, ना गोदाम, ना सोफ्याचा कोपरा.

"पण फिल्म चादर नाही गं. गेली तर दुसरी नाही."

"मग काय, अशा चुण्यांसकट देणार?"

थोरलीनं फिल्मकडं बघितलं, धाकटीकडं बघितलं, आणि पाण्याची बाटली उचलली. "उचल."

फिल्म पूर्ण उचलली. वरून, खालून पाणी. नाकाच्या शेंड्यावर मधोमध टेकवली. मग एकीनं हा कान धरला, दुसरीनं तो. धाकटी म्हणाली, "ओढा." दोघी मागं सरकल्या. फिल्म ताणली गेली, ताणली गेली, अशी की खालचा निळा रंग तलावासारखा सपाट दिसायला लागला. थोरलीचा जीव टांगणीला. बोटांना सैल सोडायची सवयच नाही, ती मुठी आवळत चालली.

"आता सैल! सोडा, ताई... सोडा... अगं सोड ना!"

थोरलीनं सोडलं.

फिल्म हुश्श करून आत गेली. दिव्याच्या खोलगट जागेत, वळणात, खालच्या ओठात, जिथं जायला हवी तिथं, कुणी हात धरून नेल्यासारखी. चुणी म्हणून नाही. दोघी हात वर करून तशाच उभ्या, कुणी पिस्तूल रोखल्यासारख्या. मग धाकटीनं जीभ चावली. "अगंतुगं करून बसले मी तुम्हाला."

"आधी पट्टी घे," थोरली म्हणाली, "मानपान मग." आणि दोघी तुटून पडल्या. धाकटी पाणी काढत पुढं, थोरली मागून कडा आत दुमडत. चार्जिंगच्या झाकणाच्या कडेनं ब्लेड फिरवायचं काम थोरलीचंच. रंगाला पात्याचा वारासुद्धा लागू द्यायचा नाही. धाकटीनं दिवा धरला, श्वास बंद.

संध्याकाळी शोरूमवाला आला. गाडीभोवती एक फेरी मारली, समोर उभा राहिला, आणि त्याचा चेहरा उतरला.

"म्हणजे नाक राहिलंच की. मी सकाळीच म्हणालो होतो, नाकच महत्त्वाचं आहे. सुरुवात तरी कधी करणार?"

दोघी एकमेकींकडं बघायला लागल्या. धाकटीनं तोंडावर टोपी धरली, पण खांदे हलायला लागले. थोरलीनं तोंड अगदी गंभीर ठेवलं आणि म्हणाली, "जरा नखानं बघता का, कड कुठं सापडते ते?"

तो खाली बसला. फोनचा दिवा लावला. नख फिरवलं इकडून तिकडं, तिकडून इकडं, वाकून, मान तिरपी करून. खूप वेळानं अगदी खाली, जिथं कुत्र्यामांजराशिवाय कुणाची नजर जात नाही, तिथं त्याचं नख अडकलं. तसाच उकिडवा बसून त्यानं वर बघितलं.

"कुणी बसवली?"

"दोघींनी," धाकटी म्हणाली. "एकीचं काम नाही ते."

"त्यातलं अवघड हिनं," थोरली म्हणाली.

"उद्या दोन गाड्या पाठवतो," तो म्हणाला. उठताना त्यानं नाकावरून परत एकदा हात फिरवला, विकत घेणाऱ्यासारखा.

घरी येताना रस्त्यात जो भेटेल त्याला थोरली थांबवत होती. चपला शिवणारा, औषधवाला, शेजारीण. "आमच्या धाकटीनं आज काय केलं सांगू?" औषधवाल्याला तर तिनं काउंटरवरची पिशवी ताणून दाखवली. धाकटी मागून बाही ओढत होती, "ताई, पुरे हो, लोक हसतात." "हसू देत. त्यांच्या घरात आहे का कुणी असं?"

घरी आल्यावर तर विचारू नकोस. दोघी एकदम बोलत होत्या. एक ओढ म्हणतेय, एक सोड म्हणतेय, एक शोरूमवाला उकिडवा कसा बसला ते करून दाखवतेय. सासऱ्यांनी सगळं पहिल्यापासून दोनदा सांगायला लावलं. नवरे बिचारे उंबऱ्यात ताटकळले. शेवटी थोरला धीर करून म्हणाला, "जेवायचं काय आहे?"

थोरलीनं तळहात पुढं केले. लाल झाले होते, साबणाच्या पाण्यानं सुरकुतले होते. शेजारी धाकटीनंही आपले ठेवले.

"हे हात आज रजेवर," थोरली म्हणाली. "तुमचे दोघांचे मिळून चार आहेत ना? लावा कामाला."

आणि दोघी सोफ्यावर जाऊन पाय वर घेऊन बसल्या, उद्याच्या पहिल्या गाडीचं कुठलं टोक कुणी धरायचं यावर भांडत.