मौसाजींच्या पंगतीत नवी पाहुणी

माझ्या मौसाजींइतक्या अदबीनं यंत्रांशी वागणारा माणूस सबंध वर्धा जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही; सापडलाच, तर तो त्यांच्याकडूनच शिकून गेलेला असेल. मौसाजी म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. कारंज्याला हायवेलगत एक इमारत आहे. तिच्यात खाली बी-बियाण्यांचं दुकान, वर एका शेतमाल कंपनीचं ऑफिस आणि बाजूला वकील साहेबांची खोली. तिघांचे कॉम्प्युटर एकाच नेटवर्कवर, तिघांत मिळून प्रिंटर एक, आणि हा सगळा एकत्र संसार मौसाजी सांभाळतात. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. पण कॉम्प्युटरची ओळख मला कॉलेजात नाही, मौसाजींच्या खुर्चीमागे उभं राहून झाली, आणि अजूनही परीक्षेत त्यांची भाषा उत्तरात उतरू नये म्हणून मला जपावं लागतं.

सर्व्हरच्या खोलीत, म्हणजे सगळ्यांच्या फायली पोटात घेऊन बसलेली मोठी पेटी जिथे आहे तिथे, मौसाजी चप्पल काढून जातात. त्या पेटीला ते ‘थोरली’ म्हणतात आणि रविवारी तिच्यावर मावशीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा पांघरतात. एकदा वकील साहेबांनी कागद अडकला म्हणून प्रिंटरला चापट मारली. मौसाजींनी ताबडतोब त्याची वायर काढली. म्हणाले, “त्यालेबी मान हाय, साहेब. तुमच्या पक्षकाराले मारलं असतं काय असं?” वकील साहेबांचे कागद कोर्टात जायचे होते. शेवटी त्यांनी हसत हसत प्रिंटरसमोर हात जोडले, वायर परत लागली आणि कागद सरसर बाहेर आले. अडकलेला तुकडा मौसाजींनी मधल्या वेळात काढला होता हे मी पाहिलं होतं, पण सांगायचा धीर झाला नाही. तेव्हापासून त्या इमारतीत यंत्रावर कोणी हात उगारत नाही.

नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला स्वतःचा एक नंबर असतो. मौसाजी त्याला पाट म्हणतात. पहिला पाट थोरलीचा, मग वरच्या कंपनीच्या मॅनेजर साहेबांचा, मग बाकीचे मानाप्रमाणे. दुकानातल्या कॉम्प्युटरला वकील साहेबांच्या आधीचा पाट कसा, यावरून एकदा चांगलीच धुसफूस झाली होती. रोज सकाळी कामं सुरू व्हायच्या आधी मौसाजी एकेका नंबरला संदेश पाठवून तो जागा आहे का ते पाहतात. याला ते हाक मारणं म्हणतात. समोरून उत्तर आलं की समाधानानं मान हलवतात. “हाक मारली का ओ आली पाह्यजे, पोरी. घर म्हन्तेत ते यालेच.”

अशा घरात नवा सर्व्हर आला. थोरली थकली होती, फाईल उघडायला चहा पिऊन होईल इतका वेळ घेत होती. नागपूरची एक कंपनी हे काम करायला तयार होती, पण मौसाजी म्हणाले, मी करतो. मॅनेजर साहेब माणूस वाईट नाहीत, पण पेरणीचे दिवस, दुकानात गर्दी. त्यांनी स्पष्ट सांगितलं, “भाऊ, संध्याकाळपर्यंत जमलं तर ठीक. नाही तर नागपूरवाल्यांना बोलावतो, आणि मग नेटवर्क कायमचं त्यांच्याच हातात देऊ.” सकाळीच मौसाजी अक्षता घेऊन टेबलाटेबलाशी जाऊन आले होते. “आज नवी येऊन राह्यली, थोडा वेळ मशीन बंद ठेवजा.” कोणी हसलं, कोणी अक्षता खिशात ठेवल्या.

नवी पेटी मांडली, वायर जोडली, आणि घडीभरात सगळं घर मुकं झालं. कधी फाईल उघडे, कधी नाही. प्रिंटर गप्प. खालून आवाज यायला लागले, “भाऊ, बिल निघून नाई राह्यलं! गिऱ्हाईक उभं हाय!” मॅनेजर साहेब दारात येऊन घड्याळ बघून गेले. मी स्क्रीनवर पाहिलं आणि घाबरतच म्हणाले, “मौसाजी, पहिल्या नंबरवर दोघी बसल्यात.”

“मालूम हाय मले,” ते म्हणाले. “नवीले पहिल्या दिवशी पहिला पाट द्यायचा असते, म्हनून देल्ला. थोरलीले उठवनार होतो.”

“मग उठवा ना.”

त्यांनी थोरलीचा नवा नंबर टाइप केला. बोट बटणावर ठेवलं आणि तसंच राहू दिलं. मला वाटलं, त्यांना आठवत नाही पुढे काय करायचं. मग ते हळूच म्हणाले, “सारे तिले याच पाटावर शोधतेत वं. उठवलं त तिले हाक कोन मारन?” खालून पुन्हा ओरड झाली. मला जे सुचलं ते मी बोलून गेले, “पण नवीला अजून कोणीच ओळखत नाही. ती कुठेही बसली तरी चालेल की.”

मौसाजींनी माझ्याकडे पाहिलं, मग नव्या पेटीकडे. “बाई, राग मानू नको,” ते तिला म्हणाले, “आज शेवटच्या पाटावर बस.” नंबर बदलला. त्यांनी पहिली हाक थोरलीला मारली, ओ आली. मग शेवटच्या पाटाला मारली, तिथूनही आली. खालचा प्रिंटर घरघरला आणि गिऱ्हाइकाच्या हातात बिल पडलं. मॅनेजर साहेबांनी नागपूरला फोन करून नको म्हणून सांगितलं. मौसाजींनी दोन्ही पेट्यांपुढे साखर ठेवली, आणि मुंग्या येतील म्हणून लगेच उचलून आम्हीच खाल्ली.

पुढे हळूहळू सगळ्यांच्या फायली नवीकडे गेल्या. दिवाळीनंतर थोरली बंद झाली. तिचा पाट मौसाजींनी कोणालाच दिला नाही. मी तेव्हा वर्ध्याला होस्टेलवर आले होते. त्याच सुमारास रोज सकाळी त्यांचा फोन यायला लागला.

“काई काम नाई,” ते म्हणतात. “हाक मारली नुसती.”

सुरुवातीला मैत्रिणींसमोर मला संकोच वाटायचा. मी घाईनं ‘बरी आहे’ म्हणून ठेवून द्यायचे. मागच्या आठवड्यात एका सकाळी फोन आला नाही. लेक्चरमध्ये माझं लक्ष लागेना. शेवटी बाहेर व्हरांड्यात येऊन मीच लावला. बराच वेळ रिंग जात राहिली, आणि मग पलीकडून, थोडा खोकत, आवाज आला.

“ओ.”